नव्या लिनक्स टॅबलेटची कुणकुण: खरी किती, आणि थांबावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ इंची, एका हातात मावणारा नवा लिनक्स टॅबलेट येतोय अशी कुणकुण आहे. आत रॉकचिपची आरके ३५८८ चिप, १६ जीबी मेमरी, ओलेड पडदा, किंमत दोनशे डॉलरच्या आत, आणि 'खोक्यातून काढला की सगळं चालतं' असा दावा. यात तथ्य किती, आणि त्यासाठी आत्ताची खरेदी लांबवावी का?

असं काही यंत्र येऊ शकतं. या भागांसकट या किमतीत येणार नाही. आणि पहिल्या दिवसापासून सगळं चालेल, हे पुरावा हाती येईपर्यंत अजिबात धरून चालू नका. तो पुरावा कुठे शोधायचा हे नीट सांगतो, कारण ही अफवा विरली तरी सहा महिन्यांनी दुसरी येईलच.

लिनक्स टॅबलेटच्या बाबतीत आपली एक मोठी सोय आहे. यंत्र चालवणारा बराचसा कोड उघड्यावर लिहिला जातो. एआरएम चिपच्या (फोनमध्ये असते त्या जातीच्या) बोर्डावर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या मुळाशी असलेल्या भागाला, आपल्या भोवती काय काय जोडलंय हे आपोआप कळत नाही. पडदा कोणता, स्पर्शाची चिप कोणत्या तारांवर, चार्जर कोण सांभाळतं, हे सगळं डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलीत लिहून द्यावं लागतं. ही फाइल म्हणजे यंत्राची जन्मपत्रिकाच. पाइन ६४ चा लिनक्स टॅबलेट पाइनटॅब २, त्याची फाइल उघडून पाहा. मूळ चिप आरके ३५६६, पडदा बीओई कंपनीचा आणि त्याचा पूर्ण मॉडेल क्रमांक, स्पर्शासाठी गुडिक्सची जीटी ९११, वीजव्यवस्थेला आरके ८१७, कलतेपणा ओळखायला सिलानचा एससी७ए२० सेन्सर. बॅटरीची क्षमतासुद्धा मायक्रोअँपिअर-तासांत दिलेली, साठ लाख, म्हणजेच ६००० एमएएच. शिवाय बोर्डाच्या दोन आवृत्त्यांसाठी, ०.१ आणि २.० साठी, दोन वेगळ्या फाइली आहेत. म्हणजे एक नमुना झाला, तो सुधारला, मग विक्रीचा बोर्ड ठरला, हेही त्यातून वाचता येतं.

म्हणून अफवा ऐकली की पहिली गोष्ट करायची ती ही. कर्नलच्या मेलिंग लिस्टच्या, म्हणजे विकसकांच्या ईमेल चर्चेच्या, संग्रहात चिपचं नाव आणि 'टॅबलेट' किंवा कंपनीचं नाव घालून शोधायचं. तिथे काही नसेल तर त्या कंपनीसाठी काम करणाऱ्या विकसकांच्या खुल्या शाखा, म्हणजे त्यांनी ठेवलेल्या कोडच्या वेगळ्या प्रती, पाहायच्या. छोट्या कंपन्यांची फाइल मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे सगळ्यांसाठीच्या अधिकृत कोडमध्ये, बऱ्याचदा विक्री सुरू झाल्यावर पोचते. पाइनटॅब २ ची मागणी २०२३ मध्ये घेतली गेली आणि मुख्य कर्नलमधली फाइल त्यानंतरची. पण शाखांमध्ये काम आधीच दिसू लागतं. पडद्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा कोड, कुणी लिहिताना दिसत नसेल, तर पडदा अजून ठरलेला नाही किंवा यंत्र निर्मात्याच्या जुन्या बंदिस्त कर्नलवर चाललंय. दोन्ही बातम्या ग्राहकासाठी चांगल्या नाहीत.

यंत्र इंटेल किंवा एएमडीचं असेल तर डिव्हाइस ट्री नसते. तिथे कर्नलमधली पडद्याची दिशा दुरुस्त करणारी यादी बघा. टॅबलेटचे बरेच पडदे मुळात उभे असतात, ८०० बाय १२८०, आणि यंत्र मात्र आडवं धरायचं असतं. त्यामुळे 'या नावाचं यंत्र दिसलं की चित्र नव्वद अंशांत फिरव' अशा नोंदी त्या यादीत असतात. व्हॉल्व्हच्या स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग यंत्राची 'ज्युपिटर' आणि पुढे ओलेड डेकची 'गॅलिलिओ' ही आतली नावं तिथेच दिसतात.

याच कारणाने विक्रीआधी बाहेर फुटलेल्या छायाचित्राची एक सोपी परीक्षा आहे. यंत्र सुरू होतानाची पांढरी अक्षरं आडवी पडलेली, मान वाकडी करून वाचावी लागतील अशी दिसली, तर ते खरं यंत्र असण्याची शक्यता वाढते. उभ्या पडद्यावर साधं कर्नल सुरू झालं की अगदी असंच होतं. उलट सरळ, स्वच्छ डेस्कटॉप आणि त्यावर सुरेख वॉलपेपर हे संगणकावर काढलेलं चित्रही असू शकतं. बटणं, कॅमेऱ्याची भोकं आणि स्पीकरच्या जाळ्याची जागा घाऊक बाजारातल्या स्वस्त अँड्रॉइड टॅबलेटशी ताडून पाहा. जुळली तर ते तयार साच्याचं यंत्र आहे. तयार साचा असणं वाईट नाही, पण त्यातला धोका खाली येतोच.

दुसरा पुरावा सरकारी नोंदींचा. अमेरिकेत विकायचं असेल तर एफसीसी या दूरसंचार नियामकाकडे रेडिओच्या चाचण्या द्याव्या लागतात. आतली छायाचित्रं आणि पुस्तिका काही महिने झाकून ठेवता येतात, सर्किटचा आराखडा कायमचा झाकता येतो, पण चाचणी अहवाल खुला होतो आणि माहिती त्यातच असते. फ्रिक्वेन्सीचे कोणते पट्टे तपासले ते पाहा. फक्त २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असतील तर सिमचं मॉडेम बहुधा नाही, मग अफवेत ५जी कितीही वेळा येवो. ६ गिगाहर्ट्झ असेल तर वायफाय ६ई किंवा त्यापुढची चिप. लेबल कुठे चिकटवायचं याची आकृती असते, तिच्यावरून आकाराचा बरा अंदाज येतो. नोकियाच्या इंटरनेट टॅबलेटच्या काळापासून चाहते या नोंदी चाळत आले आहेत.

भारतात टॅबलेटला बीआयएस या मानक संस्थेची सक्तीची नोंदणी लागते आणि ती कारखान्यागणिक होते. मात्र छोट्या परदेशी कंपन्या इथे अधिकृत विक्रीच करत नाहीत, त्यामुळे बीआयएसमध्ये नाव नसलं म्हणून अफवा खोटी ठरत नाही. एवढंच कळतं की यंत्र कुरिअरने मागवावं लागेल, सीमाशुल्क भरावं लागेल आणि बिघडलं तर बॅटरी असलेलं खोकं विमानाने परत पाठवण्याची खटपट तुमच्या गळ्यात. ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉप-टॅबलेटच्या आयातीवर निर्बंध आले तेव्हा टपालाने वा कुरिअरने येणाऱ्या एका नगाला सूट ठेवली होती, शुल्क मात्र लागू. मागवण्याआधी त्या दिवसाचा नियम आणि दर बघून घ्या.

आता दाव्यातल्या भागांकडे येऊ.

आरके ३५८८ चांगली चिप आहे. चार वेगवान ए७६ आणि चार साधे ए५५ गाभे (कोअर), माली जी६१० ग्राफिक्स. पण तिचा इतिहास लक्षात घ्या. तिच्यावरचे बोर्ड २०२२ च्या सुमारास बाजारात आले आणि ग्राफिक्सचा खुला ड्रायव्हर, पँथॉर, मुख्य कर्नलमध्ये आला तो ६.१० आवृत्तीत, जुलै २०२४ मध्ये. मधली दोनेक वर्षं लोक रॉकचिपच्या स्वतःच्या ५.१० कर्नलवर काढत होते. आज ही चिप घेऊन कुणी टॅबलेट काढत असेल तर ते शहाणपणाचं आहे, कारण खड्डे दुसऱ्यांनी बुजवलेत. अगदी नवी, गेल्याच वर्षी जाहीर झालेली चिप असलेली अफवा मला त्यामानाने जास्त धास्तावते. लिनक्समध्ये दोन-तीन वर्षं जुनी चिप ही बहुतेक वेळा जमेची बाजू असते.

अडचण उष्णतेची आहे. सगळे गाभे पळाले की ही चिप आठ-दहा वॅटच्या पुढे जाते. पंखा नसलेल्या आठ इंची पातळ यंत्रातून सतत बाहेर पडू शकते ती साधारण पाचेक वॅटची उष्णता. त्यापुढे वेग आपोआप खाली येणार. स्टीम डेकमध्ये १५ वॅटची चिप आहे, पण त्यासाठी पंखा आहे, जाडी आहे आणि पहिल्या मॉडेलचं वजन ६६९ ग्रॅम आहे. तेव्हा 'पातळ, बिनपंख्याचा आणि पूर्ण वेगाचा' हे तिन्ही एका वाक्यात आले की त्यातलं एक गळणार हे नक्की.

किमतीचा हिशोब तर अगदी साधा आहे. पाइनटॅब २ मध्ये चार ए५५ गाभे आणि १२८० बाय ८०० चा साधा आयपीएस पडदा होता, आणि पाइन ६४ नफा जवळपास न ठेवता विकणारी संस्था. तरी २०२३ मध्ये ४ जीबी-६४ जीबीची किंमत १५९ डॉलर आणि ८ जीबी-१२८ जीबीची २०९ डॉलर होती. तेव्हा मेमरी स्वस्त होती. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चांगलेच चढले आहेत. दुप्पट मेमरी, कितीतरी महाग चिप आणि वर ओलेड, हे सगळं त्याहून कमी पैशांत बसत नाही. दुसऱ्या टोकाला प्युरिझमचा लिब्रेम ११ आहे, इंटेलची चिप आणि ओलेड पडदा असलेला, आणि त्याची किंमत हजार डॉलरच्या घरात होती.

सगळ्यात महत्त्वाचा भाग मात्र अफवांमध्ये कधीच नसतो, तो म्हणजे वायफायची चिप. पाइनटॅब २ मध्ये बीईएस २६०० ही चिप बसवली होती. यंत्रं लोकांच्या हातात पडली तेव्हा तिचा चालणारा लिनक्स ड्रायव्हर नव्हता. म्हणजे ज्या यंत्राचा उपयोगच इंटरनेट पाहणं, त्याला वायफाय नाही आणि ब्लूटूथही नाही. लोकांनी यूएसबी डोंगल लावले किंवा फोन तारेने जोडून इंटरनेट घेतलं. पुढे विकसकांनी ड्रायव्हर बराच मार्गी लावला, तोही मुख्य कर्नलच्या बाहेर. पाइन ६४ ने हे आधीच उघड सांगितलं होतं, हे त्यांच्या बाजूने मान्य करायला हवं. पण केवळ मथळे वाचून पैसे भरणाऱ्याला ते कळलं नाही.

तेव्हा चिपचं नाव कळलं की असं वर्गीकरण करा. इंटेल एएक्स २०० किंवा २१०, मीडियाटेक एमटी ७९२१ वा ७९२२ असेल तर निश्चिंत राहा, ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्येच आहेत. रिअलटेक ८८२२सीएस एसडीआयओ या जोडणीवर असेल तर कर्नल ६.४ किंवा पुढचं हवं. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपा चालतात, फक्त फर्मवेअरच्या (चिपच्या आत चालणाऱ्या कोडच्या) फाइलींसोबत त्या बोर्डाची सेटिंगची फाइल लागते. ती नसली तर वायफाय दिसतं पण दोन भिंतींपलीकडे टिकत नाही. बीईएस २६००, एआयसी ८८००, युनिसॉकची यूडब्ल्यूई ५६२२ अशी नावं दिसली की सावध व्हा. त्यांचे ड्रायव्हर बाहेर राहतात आणि कर्नल बदललं की मोडतात.

कॅमेरा गृहीतच धरू नका. सेन्सरचा ड्रायव्हर असला तरी रंग, प्रकाश आणि फोकस जुळवणारा भाग वेगळा लिहावा लागतो. तो नसला की चित्र हिरवट आणि अंधारं येतं. व्हिडिओ कॉल हे तुमचं मुख्य काम असेल तर लिनक्स टॅबलेटवर पैसे घालू नका, किंवा यूएसबी कॅमेऱ्याची तयारी ठेवा.

यंत्र झोपी जाणं, म्हणजे सस्पेंड, ही दुसरी दुर्लक्षित बाब. गणित करून पाहा. ६००० एमएएच म्हणजे साधारण २२.८ वॅट-तास. वापरताना सरासरी ४ वॅट लागले तर पावणेसहा तास. आता यंत्र बाजूला ठेवलंय. नीट झोपलं आणि ०.१ वॅट खाल्ला तर नऊ दिवस टिकेल. झोपलंच नाही, नुसता पडदा बंद झाला आणि दीड वॅट खात बसलं, तर रात्री ठेवलेला टॅबलेट दुसऱ्या दिवशी दुपारी मेलेला सापडेल. टॅबलेट आणि बोर्डाला चिकटवलेला पडदा यांतला फरक इथे आहे. सुरुवातीच्या परीक्षणांत 'बॅटरी किती तास' यापेक्षा 'रात्रभरात किती टक्के उतरली' हे शोधा.

पूर्वी अशी यंत्रं का बुडाली, ते एकदा बघण्यासारखं आहे. प्रत्येक वेळी कारण वेगळं. २०१२ मध्ये केडीई या खुल्या प्रकल्पाच्या प्लाझ्मा ॲक्टिव्ह या टॅबलेटसाठीच्या डेस्कटॉपवर सात इंची विवाल्डी टॅबलेट यायचा होता, तयार चिनी साच्यावर. निर्मात्याने मधेच आतले भाग बदलले. बाहेरून तेच यंत्र, आत दुसरं, आणि नव्या भागांचा कर्नल कोड मिळेना. प्रकल्प गुंडाळावा लागला. तयार साच्याचा धोका म्हणतात तो हाच. योला कंपनीच्या टॅबलेटला नोव्हेंबर २०१४ च्या लोकवर्गणीत भरभरून पैसे मिळाले, पण २०१५ च्या अखेरीस कंपनीचीच तिजोरी आटली. थोड्याच लोकांना यंत्र मिळालं, बाकीच्यांना परताव्याची वाट बघावी लागली. जिंगपॅड ए१ हा लिनक्स टॅबलेट २०२१ मध्ये लोकांच्या हाती आला, पडदा सुरेख होता, पण २०२२ मध्ये कंपनीच थांबली आणि पुढचे अपडेट वाऱ्यावर गेले.

नोकियाची गोष्ट याउलट. २००५ चा ७७०, २५२ मेगाहर्ट्झची चिप, ६४ एमबी मेमरी आणि ८०० बाय ४८० चा पडदा. मग २००७ मध्ये एन ८०० आणि कीबोर्डवाला एन ८१०, २००९ मध्ये एन ९००. दर वेळी जुन्याला अधिकृत नवी प्रणाली मिळेलच असं नव्हतं, ७७० ला तर ती हौशी आवृत्तीच्या रूपात मिळाली. तरीही एन ९०० वर आजही मेमो लेस्टे आणि पोस्टमार्केटओएस या लिनक्स प्रणाली चालतात, कारण त्याच्या भागांचे ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये पोचले. कंपनीने मोबाइल विभाग विकला, तरी यंत्र जिवंत. तुमच्या पैशांचं आयुष्य ठरवायचं असेल तर कंपनीच्या आश्वासनांपेक्षा हे मोजमाप वापरा.

तर थांबावं का? टॅबलेट आत्ता कामाला हवा असेल, शिक्षणासाठी, दुकानाच्या हिशोबासाठी, तर थांबू नका. इंटेल एन १०० किंवा एन २०० वर्गातला, ज्यावर लोकांनी लिनक्स घालून अनुभव लिहिलेत असा टॅबलेट घ्या. कॅमेरा सोडला तर बहुतेक गोष्टी तिथे सरळ चालतात. हौस म्हणून, शिकण्यासाठी हवा असेल तर थांबायला हरकत नाही, पण पहिल्या खेपेत पैसे भरू नका. दुसऱ्या खेपेपर्यंत बोर्डाची चूक दुरुस्त झालेली असते आणि वायफायचा खरा निकाल लागलेला असतो. 'लिनक्सवर आधारित' म्हणजे नेमकं काय हेही विचारा. अँड्रॉइडचंच कर्नल आणि ड्रायव्हर खाली ठेवून वर लिनक्स चढवलेलं असेल, तर आज सगळं सुरळीत दिसेल, पण कर्नल आहे तिथेच गोठलेलं राहील.

एक भारतातली अडचण वेळीच सांगतो. वेड्रॉइड हे लिनक्सवर अँड्रॉइड चालवणारं साधन घालून अँड्रॉइडची ॲप चालवता येतात, कर्नलमध्ये बाइंडर हा अँड्रॉइडला लागणारा भाग असला की झालं. पण यूपीआयची नोंदणी सिमवरून जाणाऱ्या एसएमएसवर होते, आणि बँकांची बरीच ॲप अशा वातावरणात उघडायलाच नकार देतात. पैशांचे व्यवहार फोनवरच ठेवा.

मराठीचं बरं आहे. अक्षरं दाखवण्याची चिंता नाही, नोटो फॉन्ट किंवा पुण्यातल्या रेड हॅटच्या लोकांनी वर्षानुवर्षं सांभाळलेला लोहित, दोन्ही सहज बसतात. जोडलेल्या कीबोर्डावर इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मांडण्या आहेत. अडतं ते पडद्यावरच्या कीबोर्डवर. तिथे देवनागरी तयार मिळेल असं धरू नका. फॉश या मोबाइलसाठीच्या लिनक्स डेस्कटॉपवर चालणाऱ्या स्क्वीकबोर्ड या कीबोर्डची मांडणी साध्या मजकुराच्या याम्ल फाइलीत असते, ती स्वतः लिहून आपल्या होम फोल्डरमधून वापरता येते. एका पडद्यावर व्यंजनं आणि दुसऱ्यावर मात्रा असं करू नका, दर अक्षराला पान उलटावं लागतं. मात्रा पहिल्याच पानावर वरच्या ओळीत ठेवा आणि महाप्राण व्यंजनं शिफ्टवर टाका.

यंत्र हाती आलंच तर परत करण्याची मुदत संपायच्या आत हे करा. आतलं काही पुसण्याआधी मूळ प्रणालीची पूर्ण प्रत काढून ठेवा, कारण वायफायची सेटिंग आणि फर्मवेअर कधीकधी तिथेच असतं, संकेतस्थळावर नसतं. मग एसडी कार्डावरून दुसरी लिनक्स सुरू होते का पाहा. नाही झाली तर तुम्ही कंपनीच्या प्रणालीत अडकलात. डीमेसेज या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या संदेशांचा पूर्ण मजकूर फाइलीत जतन करा आणि त्यात फर्मवेअर मिळालं नाही अशा ओळी शोधा. यंत्र चारही बाजूंना फिरवा. चित्र उलट्या दिशेने फिरलं तर सेन्सर बिघडलेला नाही, त्याची बसवण्याची दिशा चुकीची नोंदली आहे. यूडेव्हच्या, म्हणजे जोडलेली उपकरणं सांभाळणाऱ्या लिनक्सच्या भागाच्या, हार्डवेअर नोंदीत मॅट्रिक्सची एक ओळ बदलून ते सुधारतं. रात्री शंभर टक्के चार्ज करून झाकून ठेवा आणि सकाळी आकडा लिहून घ्या.

रॉकचिपचं यंत्र असेल तर मास्करॉममध्ये, म्हणजे चिपमध्येच कोरलेल्या सुरुवातीच्या कोडवर, नेण्याची जागा, बटण किंवा बोर्डावरचे दोन बिंदू, आधीच शोधून ठेवा. त्या अवस्थेत यंत्र यूएसबीवर २२०७ या क्रमांकाने दिसतं आणि आतली साठवण पार बिघडली तरी नव्याने लिहिता येते. सुरुवातीचे संदेश पाहायला सीरियल तार लागेल, ३.३ व्होल्टची आणि १५ लाख बॉड (माहिती पाठवण्याचा वेग) झेपणारी. स्वस्तातले सीपी २१०२ चे अडॅप्टर दहा लाखांवर थांबतात, त्यामुळे पडद्यावर नुसता कचरा दिसतो आणि माणसं यंत्रालाच दोष देतात. सीएच ३४० किंवा एफटी २३२ घ्या.